हॉलमधला सबवूफर स्वस्तात मोजायचा कसा

सबवूफर (फक्त खर्जाचे सूर वाजवणारा स्पीकर, थोडक्यात सब) घरी आणल्यावर पहिलं वर्षभर मी नुसते नॉब फिरवत होते. एका गाण्यात खर्ज छातीत बसायचा, दुसऱ्यात गायब व्हायचा. आवाज वाढवला की एकच सूर घुमायचा, कमी केला की सगळं पोकळ वाटायचं. सबच वाईट निघाला असं धरून मी तो विकायलाही निघाले होते. मग एका रविवारी माइक लावून मोजलं, तेव्हा कळलं की सब व्यवस्थित आहे. मला ऐकू येत होता तो हॉल, आणि आमचा सोफा त्या हॉलमधल्या नेमक्या नको त्या जागी होता.

हे मोजायला महागडी यंत्रं लागत नाहीत. लागतो एक बरा माइक, कुठलाही चालता लॅपटॉप, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आणि तीन-चार तासांची शांतता. पहिल्यांदा करताना माझे दोन रविवार वाया गेले, कारण छोट्या छोट्या गोष्टी कुणी सांगितल्या नव्हत्या. त्या इथे क्रमाने लिहिते आहे.

आधी एवढंच समजून घ्या: सबला २० ते १२० हर्ट्झपर्यंतचे सगळे सूर सारख्याच जोराने दिले, तर तुमच्या कानापाशी त्यातला कुठला सूर किती जोराने पोचतो, ती रेघ म्हणजे फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स. कंपनीच्या पत्रकावर जी रेघ छापलेली असते ती तुमच्या खोलीतली नसते. खोलीत शिरल्यावर ती रेघ दहा-पंधरा डेसिबलने वरखाली होणं अगदी नेहमीचं आहे.

१. काय काय लागेल

माइक: सगळ्यात सोपा पर्याय मिनीडीएसपीचा यूमिक-१. थेट यूएसबीला लागतो, आणि प्रत्येक माइकच्या नंबरानुसार त्याची स्वतःची कॅलिब्रेशन फाइल (तो माइक कुठला सूर किती चुकवतो त्याची नोंद) कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवता येते. त्याहून बराच स्वस्त म्हणजे डेटन ऑडिओचा आयएमएम-६. तो फोनच्या हेडफोन जॅकमध्ये बसणारा इवलासा माइक आहे, त्यालाही नंबरानुसार फाइल मिळते. कुणाकडे बेहरिंगरचा ईसीएम८००० पडून असेल तर तोही चालतो, पण त्याला वायरीतूनच ४८ व्होल्टची वीज (फँटम पॉवर) देणारा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक आणि लॅपटॉप यांच्यामधला डबा, लागतो. इंटरफेस नसेल तर त्या वाटेला जाऊ नका, एकूण खर्च यूमिकच्या पुढे जातो.

सॉफ्टवेअर: रूम इक्यू विझार्ड. सगळे त्याला आरईडब्ल्यू म्हणतात. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. पैसे देऊन मिळणारी वाढीव आवृत्ती आहे, पण आपल्या कामाला फुकटची पुरून उरते.

वायर: ३.५ मिमी पिनपासून दोन आरसीए पिना निघणारी साधी वायर. इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात मिळते. सब टीव्हीच्या बाजूला आणि लॅपटॉप सोफ्यावर असेल, म्हणून पाच मीटरची घ्या.

स्टँड: कॅमेऱ्याचा ट्रायपॉड उत्तम. नसेल तर उंच स्टुलावर काठी बांधा. माइक हातात धरून मोजायचं नाही, आणि सोफ्याच्या पाठीवर टेकवूनही ठेवायचा नाही.

याशिवाय मेजरिंग टेप, जमिनीवर खुणा करायला कागदी चिकटपट्टी आणि वही. वहीची गंमत वाटेल, पण आठव्या स्वीपनंतर (स्वीप म्हणजे खालून वर सरकत जाणारा मोजणीचा सूर) कुठला ग्राफ कुठल्या जागेचा हे कुणालाही आठवत नाही.

२. माइकच्या आधी टेप

खोलीची लांबी, रुंदी आणि उंची फुटांत मोजा. मग ५६५ ला त्या आकड्याने भागा. जे उत्तर येईल त्या हर्ट्झला त्या दिशेने खोली घुमणार. हे सूत्र ध्वनीच्या वेगावरून येतं. आवाज सेकंदाला सुमारे ११३० फूट जातो, आणि समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये अर्धी लहर बरोबर बसली की ती तिथेच उभी राहते. ११३० चा अर्धा ५६५. उन्हाळ्या-हिवाळ्यात वेग थोडा बदलतो, पण आपल्या कामात तो फरक जाणवत नाही.

आमचा हॉल १६ फूट लांब, १० फूट रुंद, साडेनऊ फूट उंच. म्हणजे लांबीचा सूर ३५ हर्ट्झ, रुंदीचा ५६, उंचीचा ५९. प्रत्येकाची दुप्पटही असते, म्हणून लांबीचा दुसरा सूर ७० हर्ट्झला. आता बेस गिटारच्या खुल्या तारा पाहा: सर्वात जाडी ई ४१ हर्ट्झ, ए ५५, डी ७३. म्हणजे आमच्या हॉलमध्ये ए वाजली की भिंती तिला उचलून धरणार आणि ई बिचारी जशी आहे तशी राहणार. एकाच गाण्यातले काही सूर फुगतात आणि काही बसतात ते यामुळे.

यातही जागेचा प्रश्न आहे. उभ्या लहरीचा दाब भिंतींपाशी सर्वात जास्त असतो. पहिल्या सुराचा दाब बरोबर मध्यावर शून्याजवळ जातो. दुसऱ्या सुराचा मध्यावर पुन्हा भरपूर असतो आणि एक चतुर्थांश अंतरावर शून्य होतो. आमच्याकडे बहुतेक फ्लॅटमध्ये असतो तसा टीव्ही लांब भिंतीवर आणि सोफा समोरच्या लांब भिंतीला टेकून, तोही सोळा फुटांच्या बरोबर मध्यावर. म्हणजे ३५ चा खड्डा, ७० ची टेकडी आणि पाठीमागे भिंत असल्यामुळे ५६ ची दुसरी टेकडी, तिन्ही आमच्याच वाट्याला. कागदावर एवढं मांडलं तेव्हा माइक अजून डब्यातच होता.

तुमचा हॉल स्वयंपाकघराकडे किंवा पॅसेजमध्ये उघडत असेल तर आकडे तंतोतंत जुळणार नाहीत. आमचेही दोन-तीन हर्ट्झ इकडेतिकडे निघाले. तरी ही आकडेमोड सोडू नका, कारण ग्राफवरची टेकडी दिसली की तिचं नाव-गाव आधीच माहीत असतं. आणखी एक गोष्ट आपल्या घरांची: आरसीसी आणि विटांच्या भिंती खर्ज आत कोंडून ठेवतात. परदेशात लाकडी सांगाड्यावर जिप्समचे पत्रे ठोकलेल्या भिंतींतून बराच खर्ज बाहेर निघून जातो. तिकडे राहणाऱ्यांनी केलेल्या मोजणीत दिसणाऱ्या टेकड्यांपेक्षा आपल्या टेकड्या उंच निघाल्या तर घाबरू नका.

३. जोडणी

सबला स्वतःचा ॲम्प्लिफायर असेल, म्हणजे मागे भिंतीच्या प्लगची वायर आणि लाइन-इनच्या आरसीए खाचा असतील, तर लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून थेट तिथे वायर लावा. मुख्य स्पीकर बंद. पहिल्या मोजणीत फक्त सब हवा.

सबच्या मागचे नॉब असे ठेवा:
- व्हॉल्यूम किंवा गेन मध्यावर
- लो-पास किंवा क्रॉसओव्हर (ठरावीक सुराच्या वरचं कापणारा नॉब) शेवटपर्यंत वर, किंवा एलएफई असं लिहिलेल्या खाचेत वायर लावून तो वगळा
- फेज (सबच्या लहरी स्पीकरच्या लहरींच्या किती मागेपुढे सुटतात ते ठरवणारा नॉब) शून्यावर
- ऑटो-ऑन असेल तर तो काढून कायम चालू

या शेवटच्या बटणाने माझा पहिला रविवार खाल्ला. स्वीप अगदी खालच्या सुरापासून सुरू होतो, सब झोपेतून उठायला दोन-तीन सेकंद घेतो आणि तोवर खालचे सूर निघून गेलेले असतात. ग्राफमध्ये ३० हर्ट्झच्या खाली कडा तुटल्यासारखा दिसायचा आणि मी सबला बोल लावत बसले होते.

होम थिएटरच्या संचातला सब असेल आणि तो रिसीव्हरला (सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या डब्याला) स्पीकरच्या वायरने जोडलेला असेल, तर लॅपटॉप एचडीएमआयने रिसीव्हरला लावा. मुख्य स्पीकरच्या वायरी काढून ठेवा. रिसीव्हरवरचे नाइट मोड, आवाज आपोआप सारखा करणारे मोड, बेस-ट्रेबल सगळं बंद करा. साउंडबारचा बिनवायरी सब थेट जोडता येत नाही, तेव्हा साउंडबारला ऑक्स किंवा एचडीएमआयने आवाज द्या. अगदी खालच्या पट्ट्यात तिथेही जवळपास फक्त सबच वाजत असतो. ब्लूटूथ मात्र टाळा.

लॅपटॉप चार्जरवर असताना सबमधून ‘हंऽऽ’ असा ५० हर्ट्झचा गुणगुणाट येत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर मोजा. हा अर्थिंगच्या लूपचा आवाज असतो. तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन कापायचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका. ती पिन जीव वाचवायला आहे.

४. सॉफ्टवेअर लावणं

माइक आधी जोडा, मग आरईडब्ल्यू उघडा. यूमिक दिसला की ते स्वतःच कॅलिब्रेशन फाइल विचारतं. संकेतस्थळावर दोन फाइली मिळतात, माइक समोर रोखून धरायची एक आणि छताकडे उभा धरायची दुसरी. सबसाठी कुठलीही घ्या. ५० हर्ट्झची लहर जवळजवळ सात मीटर लांब असते, तिला एवढ्याशा माइकचं तोंड कुठे आहे याने काही फरक पडत नाही. मी छताकडे उभा धरते, कारण ट्रायपॉडवर तसा नीट बसतो.

प्रेफरन्सेसमध्ये सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ, इनपुटला माइक, आउटपुटला हेडफोन जॅक किंवा एचडीएमआय. विंडोजमध्ये माइकची लेव्हल १०० टक्के ठेवा.

आता दोन सापळे. पहिला, विंडोज आणि मॅक दोघेही प्रोग्रामला माइक वापरायची परवानगी मागतात. घाईत नाही म्हटलं असेल तर आरईडब्ल्यूला काहीच ऐकू येत नाही आणि चूकही दाखवली जात नाही. दुसरा जास्त फसवा आहे. लॅपटॉपमध्ये आवाज ‘सुधारणारे’ प्रोग्राम आधीच बसवलेले असतात: बेस बूस्ट, लाउडनेस, सराउंड वगैरे. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये एनहान्समेंट्स बंद करा आणि लॅपटॉप कंपनीचं वेगळं ऑडिओ ॲप असेल तर तेही बंद करा. नाहीतर तुम्ही त्या ॲपचा इक्यू (इक्वलायझर, म्हणजे ठरावीक सूर वाढवणारी-कापणारी सोय) मोजत बसाल.

आयएमएम-६ लॅपटॉपच्या जॅकमध्ये लावणार असाल तर एक सांगते. बऱ्याच लॅपटॉपचा माइकचा जॅक बोलण्यासाठी बनवलेला असतो आणि तो खालचे सूर आपणहून कापतो. त्यामुळे ग्राफ ४० च्या खाली घसरलेला दिसेल. आरईडब्ल्यूमध्ये साउंड कार्डची स्वतःची कॅलिब्रेशन करायची सोय आहे. जॅकचं आउटपुट फिरवून त्याच्याच इनपुटला द्यायचं, की कार्ड किती कापतं ते कळतं आणि पुढे ते वजा होतं. त्यासाठी माइक आणि हेडफोन वेगळे करणारा छोटा स्प्लिटर लागतो.

५. घर शांत करणं

पंखा बंद. छताच्या पंख्याची हवा माइकवर आली की खालच्या पट्ट्यात नुसता कचरा दिसतो. एसी, फ्रिज आणि वॉशिंग मशीनही तेवढा वेळ बंद. सोसायटीच्या पाण्याचा पंप कधी चालतो ते वॉचमनना विचारून घ्या. आमचा पंप सकाळी नऊला चालतो आणि त्याची घरघर थेट कॉलममधून वर येते. मी अकरा ते चार ही वेळ धरते. रात्री शांतता जास्त असते हे खरं, पण खर्ज स्लॅबमधून खाली जातो आणि रात्री दहानंतर शेजाऱ्यांना त्रास देण्याइतकं हे काम मोठं नाही. खालच्या मजल्यावरच्या काकूंना दुपारी आधी सांगून ठेवलं होतं, त्यांनी हसून परवानगी दिली.

माइक तुम्ही बसल्यावर जिथे कान येतो त्या उंचीवर, सोफ्याच्या पाठीपासून किमान वीतभर पुढे. स्वतः सोफ्यावर बसू नका, बाजूला जमिनीवर बसा आणि प्रत्येक वेळी तिथेच बसा.

६. लेव्हल आणि पहिला स्वीप

लेव्हल लावायला आरईडब्ल्यूच्या जनरेटरमध्ये सबसाठीचा ३० ते ८० हर्ट्झचा पिंक नॉइज (सगळे सूर एकत्र असलेला अखंड आवाज) आहे. तो लावून सबचा आवाज हळूहळू वाढवत मीटर ७५ डेसिबलच्या आसपास आणा. यापेक्षा जास्त लागत नाही. बरोबर ७५ च हवं असाही आग्रह नको, पण एकदा ठरलं की दिवसभर त्या नॉबला हात लावू नका.

मग आरईडब्ल्यूमधलं ‘मेजर’ बटण. सुरुवात १५ हर्ट्झ, शेवट २००, लांबी २५६के. हा स्वीप साधारण साडेपाच सेकंदांचा असतो. बाहेर रहदारी जास्त असेल तर ५१२के घ्या, वेळ दुप्पट आणि गोंगाटावर जवळजवळ ३ डेसिबलची मात.

सबच्या पेटीला गोल किंवा आडवं भोक असेल, म्हणजे पोर्टवाला सब असेल, तर सुरुवात २० वरून करा. पोर्ट ज्या सुराला जुळवलेला असतो त्याच्या खाली कोनला (सबच्या पुढेमागे हलणाऱ्या पडद्याला) मागची हवा धरत नाही आणि तो बेलगाम पुढेमागे हलतो. मोठ्या आवाजात १० हर्ट्झपासून स्वीप दिला तर कोनला इजा होऊ शकते. खट्ट असा आवाज आला तर ताबडतोब थांबवा.

पहिल्या स्वीपला घरातलं सगळं थरथरतं. आमच्याकडे शोकेसची काच आणि देव्हाऱ्यातली घंटा वाजली. अशा वस्तू शोधून त्याखाली कापडाचे तुकडे घाला, खिडकीच्या सरकत्या काचा घट्ट लावा. कुठली वस्तू कुठल्या सुराला थरथरते ते जनरेटरमधून एकेक सूर हळूहळू सरकवत शोधता येतं.

तोच स्वीप काहीही न हलवता पुन्हा घ्या. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या पाहिजेत. नाही बसल्या तर पुढे जाण्यात अर्थ नाही. आवाज कमी पडतोय, पंखा चालू आहे किंवा एखादं ॲप अजून मध्ये लुडबुडतंय.

७. ग्राफ वाचणं

उभी पट्टी ४५ ते १०५ डेसिबल, आडवी १५ ते २०० हर्ट्झ. ही मापं कायम ठेवा. उभी पट्टी ताणली की छोटा उंचवटाही सह्याद्री दिसतो आणि दाबली की पंधरा डेसिबलचा खड्डाही सपाट मैदान. दुसऱ्या कुणाचा ग्राफ बघतानाही आधी ही पट्टी बघा.

स्मूदिंग (रेघ गुळगुळीत करण्याची सोय) बंद ठेवा, फार तर १/२४ ऑक्टेव्ह (सप्तक). एक तृतीयांश ऑक्टेव्हचं स्मूदिंग लावून सगळं छान दिसतं, पण ज्यासाठी मोजतोय तेच त्यात पुसलं जातं.

माझा पहिला ग्राफ असा होता: ३५ ला सुमारे १४ डेसिबलचा खड्डा, ५६ ते ५९ च्या मध्ये ९ डेसिबलची जाड टेकडी आणि ७० ला ७ डेसिबलची. रुंदी आणि उंची यांचे सूर शेजारी शेजारी असल्याने त्यांची एकच टेकडी झाली होती. वहीतले आकडे समोर होते, त्यामुळे ओळख पटायला वेळ लागला नाही.

वॉटरफॉल नावाचा ग्राफही काढून बघा. त्यात सूर थांबल्यावर किती वेळ रेंगाळतो ते दिसतं. जिथे टेकडी असते तिथेच बहुधा शेपूटही लांब असते. खर्ज ‘चिखलासारखा’ वाटतो तो या शेपटीमुळे.

सब खरोखर बिघडला आहे का अशी शंका असेल तर माइक कोनच्या अगदी जवळ, बोटभर अंतरावर धरून आवाज बराच कमी करून एक स्वीप घ्या. इतक्या जवळून खोलीचा वाटा नगण्य होतो आणि सबची स्वतःची रेघ दिसते. पोर्टवाल्या सबच्या कोनजवळ एका सुराला खोल खड्डा दिसेल. तो बिघाड नाही. तिथे कोन जवळजवळ स्थिर राहतो आणि काम पोर्ट करतो.

८. सब हलवणं

माझ्या मते सगळ्या खटाटोपाचा खरा फायदा इथे आहे, आणि बहुतेक लोक हीच पायरी टाळून थेट इक्यूकडे जातात. कारण उघड आहे, सब जड असतो.

पण युक्ती आहे. सब उचलून सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा. मग माइक घेऊन जिथे जिथे सब ठेवता येईल त्या जागी, जमिनीजवळ, सबच्या कोनच्या उंचीवर मोजत जा. आवाज देणारा आणि ऐकणारा यांच्या जागांची अदलाबदल केली तरी मधला मार्ग तोच राहतो, त्यामुळे ज्या कोपऱ्यात रेघ सर्वात सपाट येईल तिथे सब ठेवायचा. सब एकदाच उचलावा लागतो. जोडीला कुणीतरी घ्या, कंबरेचा विचार करा.

मी सात जागा मोजल्या, प्रत्येक ठिकाणी चिकटपट्टीवर आकडा लिहिला आणि तेच नाव मोजणीला दिलं. कोपऱ्यात सर्वात जास्त आवाज मिळाला आणि सर्वात जास्त टेकड्याही, कारण कोपरा खोलीचे सगळेच सूर जागे करतो. टीव्हीच्या भिंतीला लागूनच, पण कोपऱ्यापासून चार फुटांवर ठेवल्यावर ७० ची टेकडी जवळजवळ निघून गेली. सोळा फुटांचा एक चतुर्थांश म्हणजे चार फूट. तिथून लांबीचा दुसरा सूर जागाच होत नाही.

३५ चा खड्डा मात्र सब कुठेही ठेवला तरी तसाच, कारण तो सोफ्याच्या जागेचा होता. सोफा दीड फूट बाजूला सरकवला तेव्हा तो आठ डेसिबलने भरला. घरात यावर चर्चा झाली, कारण सोफा आता टीव्हीच्या अगदी समोर राहिला नाही. टीव्ही थोडा वळवला आणि मिटलं.

एका वेळी एकच गोष्ट बदला. सब आणि सोफा दोन्ही हलवून मोजलं तर कुणामुळे काय झालं ते कधीच कळत नाही.

जागा ठरल्यावर सोफ्यावरच्या तिन्ही जागी माइक ठेवून मोजा. आरईडब्ल्यूमध्ये त्यांची सरासरी काढता येते. फक्त मधल्या जागेसाठी सगळं केलं तर कडेला बसणाऱ्याला वेगळाच खर्ज ऐकू येतो.

९. मुख्य स्पीकरशी मेळ

आता मुख्य स्पीकर जोडा, लॅपटॉपचा आवाज रिसीव्हरमधून द्या आणि रिसीव्हरचा क्रॉसओव्हर, म्हणजे खालचे सूर सबला आणि वरचे स्पीकरना वाटून देणारी सीमा, ८० हर्ट्झवर ठेवा. ठोकळ्यासारखे मोठे टॉवर स्पीकर नसतील तर ८० ही बरी सुरुवात आहे. सबवरचा स्वतःचा क्रॉसओव्हर वरच राहू द्या, दोन्हीकडे कापलं तर मध्ये पोकळी पडते.

सब आणि स्पीकर एकत्र वाजवून ६० ते १२० चा भाग बघा. फेजचा नॉब शून्यावर एक स्वीप, ९० वर एक, १८० वर एक. ज्या जागी ८० च्या आसपास रेघ सर्वात वर आणि सर्वात भरलेली तीच बरोबर. नॉबऐवजी दोनच जागांचा खटका असेल तर दोनच स्वीप. रिसीव्हरमध्ये सबचं अंतर बदलायची सोय असेल तर तेही फूट-फूट बदलून बघता येतं, परिणाम तसाच होतो पण बारीक.

१०. इक्यू सर्वात शेवटी

उरलेल्या टेकड्या कापायला इक्यू. रिसीव्हरमध्ये असेल तर तो, संगीत फक्त विंडोजवरून ऐकत असाल तर इक्वलायझर एपीओ फुकट आहे, आणि वेगळं यंत्रच हवं असेल तर मिनीडीएसपीचं २x४ एचडी. फिल्टर किती खोल, किती रुंद हे आरईडब्ल्यू स्वतः काढून देतं. मी ५७ हर्ट्झवर ७ डेसिबल कापले, क्यू (फिल्टर किती अरुंद ते सांगणारा आकडा) ५, एवढा एकच फिल्टर.

खड्डा भरायला इक्यूने वाढवू नका. ३ डेसिबल वाढवायला दुप्पट ताकद लागते, १० डेसिबलला दहापट. आणि जिथे लहरी एकमेकींना मारतात तिथे तुम्ही जितकं ओताल तितकंच मारलं जातं. ॲम्प्लिफायर तापेल, कोन ताणला जाईल, खड्डा तिथेच राहील. रिसीव्हरची स्वयंचलित खोली-दुरुस्ती वापरत असाल तर ती आधी आणि नंतर दोन्ही वेळा मोजून बघा.

११. माइक घ्यायचाच नसेल तर

फोननेही काही काम होतं. २० ते १२० हर्ट्झपर्यंतचे सूर पाच-पाचच्या अंतराने वाजवा, फोनवरच्या डेसिबल मीटरचे आकडे वहीत लिहा, रेघ काढा. फोनचा माइक खालचे सूर चुकीचे दाखवतो, त्यामुळे ती रेघ खरी नाही. पण तोच फोन, तोच आवाज ठेवून दोन जागा मोजल्या तर दोन्हींत चूक सारखीच असते आणि वजाबाकीत ती निघून जाते. सब कोपऱ्यात बरा की चार फुटांवर, याचं उत्तर फोन बऱ्यापैकी देतो. फक्त आवाज आपोआप कमीजास्त करणारं ॲप नको; तेच सूर दुप्पट जोरात वाजवल्यावर आकडा नीट वाढतो का हे आधी तपासा.

सगळं झाल्यावर मोजण्यांची फाइल तारखेसकट जपून ठेवा आणि नॉबच्या जागांचा फोटो काढा. आमच्याकडे दिवाळीच्या साफसफाईत सब पुन्हा कोपऱ्यात गेला होता, तेव्हा जमिनीवरच्या चिकटपट्टीवरून आणि त्या फोटोवरून तो दहा मिनिटांत परत जागेवर आला. ३५ ला आमच्याकडे अजून सहा डेसिबलची कमतरता आहे. ती घालवायला सोफा आणखी सरकवावा लागेल, आणि तिथे बाल्कनीचं दार येतं.